सत्यान्वेषी : पुस्तकातला आणि पडद्यावरचा

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



संतवाङ्मय, नाटक आणि कविता यांवर बोलणाऱ्या विद्वानांच्या मागोमाग मी एका गुप्तहेराविषयी बोलण्याची परवानगी मागितली, तेव्हा चिटणीसांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मग हसून होकार दिला. त्या हसण्याचा अर्थ ग्रंथालयाशी संबंध असलेल्या प्रत्येकाला कळेल. कोणत्याही वाचनालयात सर्वांत अधिक मळलेली आणि पुन्हा पुन्हा बांधणी करावी लागलेली पुस्तके रहस्यकथांचीच असतात. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांनी मराठी माणसाच्या हाताला पुस्तकाची जी सवय लावली, तिचे ऋण मराठीच्या प्राध्यापकांनी एकदा तरी जाहीरपणे मान्य करावयास हवे. ते आज मी करतो आणि विषयाकडे वळतो.

१९९३ साली मी एम.ए.चा विद्यार्थी होतो. त्या वर्षी दूरदर्शनवर बासू चटर्जी यांची 'ब्योमकेश बक्षी' ही मालिका सुरू झाली. आमच्या घरी ती लागली की वडील चष्मा पुसून खुर्ची पुढे ओढून बसत आणि मध्ये कोणी बोललेले त्यांना खपत नसे. दोन-तीन भाग झाल्यावर ते या ग्रंथालयात आले आणि त्या बंगाली गुप्तहेराचे पुस्तक मागू लागले. तेव्हाच्या ग्रंथपालांनी कपाटे धुंडाळली. मामा वरेरकरांनी मराठीत आणलेले शरदबाबू सापडले. शरदिंदूबाबू काही सापडले नाहीत. वडील शरदबाबूंचीच कादंबरी घेऊन घरी आले आणि म्हणाले, "नाव अर्धे तरी जुळले!" पडद्याने वाचकाला पुस्तकाच्या दारापर्यंत आणून सोडले आणि दार बंद निघाले, असा तो प्रसंग होता. पुढे मी हिंदी आणि इंग्रजी अनुवादांतून त्या कथा वाचल्या. तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे : व्योमकेशला पडद्यावर आणणाऱ्यांनी नेमके काय आणले आणि काय मागे ठेवले?

प्रथम त्याच्या जनकाविषयी दोन शब्द. शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा जन्म १८९९ साली जौनपूरचा. घर बिहारमधील मुंगेरचे. कलकत्त्यात ते राहिले ते मुख्यतः विद्यार्थिदशेत. १९३८ साली हिमांशू राय यांच्या बोलावण्यावरून ते मुंबईला बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहावयास आले. १९५२ साली चित्रपटाचा व्यवसाय सोडून त्यांनी पुण्यात बिऱ्हाड केले. १९७० साली निधन होईपर्यंत ते मराठी मुलखाचेच रहिवासी होते. शिवकालातील सदाशिव नावाच्या एका मुलाच्या साहसकथा त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या, हे आपल्यापैकी कित्येकांना ठाऊक नसेल. म्हणजे ज्या व्योमकेशला आपण कलकत्त्याचा अर्क समजतो, त्याच्या बहुसंख्य कथा कलकत्त्यापासून दूर, परभाषकांच्या शेजारात बसून लिहिल्या गेल्या. आपण माळव्यातील मराठी माणसे हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो आहोत. दूर राहिलेल्या माणसाला आपले गाव रस्त्यारस्त्याने आठवते, घराघरातल्या बोलण्याने आठवते. व्योमकेशच्या कथांतले कलकत्ता तसे आहे. त्यात मोठे देखावे थोडे आहेत. मेसमधल्या खोल्या, चहाचे पेले, सकाळचे वर्तमानपत्र आणि जिन्यावरची पावले मात्र पुष्कळ आहेत.

आता व्योमकेशकडे येऊ. बंगाली उच्चारात तो ब्योमकेश, आपल्या लेखणीला व्योमकेश सोयीचा. १९३२ साली तो प्रथम अवतरला. 'सत्यान्वेषी' या कथेच्या अखेरीस हॅरिसन रोडवरील त्याच्या दारावर पितळी पाटी दिसते आणि तिच्यावर नावाखाली 'सत्यान्वेषी' ही पदवी कोरलेली असते. 'डिटेक्टिव्ह' हा शब्द त्याला आवडत नाही, देशी पर्याय त्याहून आवडत नाही, म्हणून त्याने स्वतःच स्वतःला ही उपाधी दिलेली आहे. मला ही पाटी या साऱ्या कथांची किल्ली वाटते. गुन्हेगार पकडणे हे पोलिसांचे काम. सत्य शोधणे हे आपले, असा त्याचा बाणा आहे. म्हणूनच दंगलींच्या आणि स्वातंत्र्यप्राप्तीच्या काळातील 'आदिम रिपु'मध्ये सत्य हाती आल्यावरही तो अपराध्याला कायद्याच्या स्वाधीन करीत नाही. सत्य कळणे आणि शिक्षा होणे या दोन गोष्टी तो वेगळ्या ठेवतो.

दुसरे असे की, हा गुप्तहेर संसारी आहे. शेरलॉक होम्सला घर आहे, पण संसार नाही. व्योमकेशला 'अर्थमनर्थम्' या कथेत एका संशयिताची बहीण भेटते. तिचे नाव सत्यवती. सत्याच्या शोधात निघालेल्याला सत्यवती मिळाली, असे नाव योजण्यात लेखकाचा मिस्किलपणाही दिसतो. पुढे लग्न, मुलगा, घरखर्चाची चिंता, आणि लग्नानंतरही त्याच घरात राहणारा लेखकमित्र अजित. गुन्ह्याचे भेसूर रूप बाहेर पाहून यावे आणि घरी येऊन चहा मागावा, या दोन टोकांमध्ये या कथांची गोडी आहे.

पडद्याची पहिली अडचण इथेच सुरू होते. बहुतेक कथा अजित सांगतो. त्याला जेवढे दिसते तेवढेच आपल्याला दिसते. 'सत्यान्वेषी'मध्ये व्योमकेश खोटे नाव घेऊन मेसमध्ये राहावयास येतो आणि तोच नायक आहे याचा वाचकाला पत्ता लागत नाही. पडद्यावर परिचित नट दारातून आत आला की प्रेक्षक जे ओळखायचे ते ओळखतो. 'पथेर काँटा' या कथेत भर रस्त्यावर ग्रामोफोनच्या पिनने माणसे मरतात आणि त्यातले मर्म सायकलच्या घंटीत असते. (अपराध्याचे नाव मी सांगणार नाही, ग्रंथपालांचा रोष नको.) लेखक ती घंटी एका वाक्यात वाजवून पुढे जातो, आणि वाचकही तिला विसरतो. कॅमेऱ्याने तीच घंटी जवळून दाखवली तर रहस्य फुटते. न दाखवावी तर अखेरचा उलगडा लबाडीचा वाटतो.

या अडचणीशी सत्यजित राय यांच्यासारख्या श्रेष्ठ दिग्दर्शकालाही झुंजावे लागले. १९६७ च्या 'चिडियाखाना'त उत्तमकुमार व्योमकेश झाले. या चित्रपटासाठी राय यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि उत्तमकुमार यांच्या अभिनयाच्या राष्ट्रीय पुरस्कारातही या भूमिकेचा वाटा होता. तरीही राय स्वतः या चित्रपटावर संतुष्ट नव्हते. कादंबरीत गुलाब वसाहतीतील समाजाने टाकलेल्या माणसांचा मोठा गोतावळा आहे आणि अखेरीस प्रदीर्घ खुलासा आहे. वाचताना आपण तो खुलासा दोनदा वाचू शकतो. चित्रपटगृहात मागचे पान उलटता येत नाही. राय यांचा व्योमकेश घरात साप पाळतो आणि जपानी उद्यानतज्ज्ञाचे सोंग घेतो. ते प्रसंग रंजक आहेत, पण चित्रपटात सत्यवती नाही, आणि तिच्याबरोबर तो संसारी माणूसही निघून गेला. उत्तमकुमार दिसतात रुबाबदार. शेजारी राहणारे मात्र वाटत नाहीत. या अनुभवातून राय यांनी धडा घेतला असावा. १९७४ साली स्वतःच्या फेलूदाला 'सोनार केल्ला'त आणताना त्यांनी दुष्ट कोण हे प्रेक्षकांपासून फार वेळ लपवून ठेवले नाही. कोण याऐवजी कसे, हा प्रश्न त्यांनी पुढे आणला.

बासू चटर्जींनी उलट मार्ग घेतला. त्यांनी काही सुधारण्याचा प्रयत्नच केला नाही. १९९३ मध्ये आणि पुन्हा १९९७ मध्ये, दोन टप्प्यांत, त्यांनी कथा जवळजवळ जशीच्या तशी ठेवली. रजित कपूर यांचा व्योमकेश धोतर-कुडत्यात शांतपणे बसतो, ऐकतो, मध्येच एखादा प्रश्न विचारतो. के. के. रैना यांचा अजित प्रेक्षकाइतकाच चकित होतो. सत्यवतीच्या भूमिकेत आपल्या सुकन्या कुलकर्णी होत्या, याचा त्या काळी आमच्या घरात फार अभिमान होता. मालिकेचे दोष मी नाकारीत नाही. बहुतेक प्रसंग चार भिंतींत घडतात, उलगडा पुष्कळदा नुसत्या बोलण्यातून होतो, आणि साधनांची काटकसर लपत नाही. पण ज्या कथा मुळातच खोलीत बसून बोलण्याच्या आहेत, त्यांना ही काटकसर मानवली. छोट्या पडद्याचा आणखी एक लाभ झाला. दिवाणखान्यातली कथा आपणही दिवाणखान्यात बसूनच पाहत होतो. अजमेरला जन्मलेले, मथुरेत वाढलेले आणि मुंबईत काम केलेले बासूदाही बंगालबाहेरचेच बंगाली. मध्यमवर्गीय घराचा सूर त्यांच्या कानात पक्का होता.

त्यानंतर बंगालीत व्योमकेशांची रांगच लागली. आबीर चटर्जी २०१० पासून ही भूमिका करू लागले. ऋतुपर्ण घोष यांचा 'सत्यान्वेषी' २०१३ साली त्यांच्या निधनानंतर प्रदर्शित झाला. त्यात दिग्दर्शक सुजय घोष व्योमकेश झाले. २०१५ साली धृतिमान चटर्जींनी वयस्क व्योमकेश उभा केला. या सर्वांचा परामर्श घेण्यास वेळ नाही. पण त्याच वर्षीच्या हिंदी चित्रपटाविषयी बोलले पाहिजे.

दिबाकर बॅनर्जी यांनी 'डिटेक्टिव्ह ब्योमकेश बक्षी' मध्ये सुशांतसिंह राजपूत यांना घेऊन दुसऱ्या महायुद्धातले कलकत्ता उभारले. ट्राम, पाट्या, जपानी विमानांची भीती, चिनी वस्ती, हे सारे डोळ्यांत भरते. मूळ कथेतील मेस आहे, होमिओपॅथीचे डॉक्टर आहेत. पण कोकेनच्या चोरट्या व्यापाराचे रूपांतर आता महायुद्धाच्या कारस्थानात झाले आहे, आणि अखेर रक्तपाताने होते. हा व्योमकेश नवखा आहे, चुकतो, घाबरतो. हे मला आवडले, कारण मूळ कथांत तो बहुधा पूर्ण घडलेलाच भेटतो. प्रश्न शीर्षकाचा आहे. ज्या शब्दाला नकार देऊन त्याने दारावर पाटी लावली, तोच शब्द चित्रपटाने त्याच्या नावामागे लावला. व्यवहाराच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. साऱ्या देशाला 'सत्यान्वेषी' कोण समजावून सांगणार? परंतु शब्द बदलला की माणूसही थोडा बदलतो. डिटेक्टिव्हला मोठा शत्रू लागतो. सत्यान्वेष्याला समोरच्या घरातला एक लोभ, एक मत्सर पुरतो. शरदिंदूबाबूंच्या कथांत भय वाटते ते याच कारणाने, की गुन्हेगार आपल्यासारखाच चहा पितो.

मग श्रेष्ठ कोण, असे आपण विचाराल. राय यांच्याकडे कला अधिक, बॅनर्जींकडे नगराचे वैभव अधिक. पण दारावरची ती पाटी बासूदांनी सर्वांत जपून ठेवली, असे माझे मत आहे. मात्र तीस वर्षांपूर्वीच्या जिव्हाळ्याचा रंग या मताला लागलेला असणार, हेही मी कबूल करतो. आज जो तरुण २०१५ चा चित्रपट पाहून व्योमकेशच्या प्रेमात पडला असेल, त्याला चूक म्हणण्याचा मला अधिकार नाही. तोही माझ्या वडिलांसारखाच दारापर्यंत आलेला आहे.

आणि म्हणून अखेरची विनंती संचालक मंडळाला. पडदा वाचक पळवतो, ही तक्रार आपण वर्षानुवर्षे ऐकतो. पडदा वाचक पाठवतोही; तो आला त्या दिवशी पुस्तक कपाटात असावे, एवढेच पाहावयाचे. अशोक जैन यांनी फेलूदा मराठीत आणला, तो येथे असावा. त्याच्या शेजारी शरदिंदूबाबू असावेत, ज्या भाषेत मिळतील त्या भाषेत. पुण्यात बसून ज्याने बंगालीत शिवाजीचा काळ रंगवला, त्याला माळव्यातील मराठी ग्रंथालयात एक जागा देणे अवघड नाही. त्या पुस्तकाची पहिली नोंद माझ्या वडिलांच्या जुन्या सभासद क्रमांकावर व्हावी, अशी माझी इच्छा आहे. तो क्रमांक मी अद्याप चालू ठेवला आहे.