छायाचित्र पोहोचले, पुढे काय?

(चिकलठाणा येथे विश्वस्त संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकीय विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु हिशेब मांडण्याचा निश्चित आहे. दुर्गम भागातील शिबिरांतून रुग्णांची छायाचित्रे उपग्रहाद्वारे तज्ज्ञांकडे पाठविण्याच्या कार्याचा हिशेब आज आपणांपुढे ठेवीत आहे.

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २००१ साली उपग्रहाधारित दूरवैद्यक सेवेचे प्रायोगिक प्रकल्प हाती घेतले. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहामार्फत खेड्यातील रुग्णाची प्रतिमा शहरातील तज्ज्ञासमोर येऊ लागली. तेव्हाच्या सेकंदाला ३८४ किलोबिटच्या जोडणीवर १० मेगाबाइटची एक क्ष-किरण प्रतिमा पाठविण्यास साडेतीन मिनिटे लागत. १५० मेगाबाइटच्या सीटी स्कॅनला सुमारे ५२ मिनिटे. आज वेग वाढला आहे. तरीही मुसळधार पावसात संदेश क्षीण होतो. आणि मार्च व ऑक्टोबरमध्ये काही दिवस सूर्य अशा उपग्रहाच्या थेट मागे येतो, तेव्हा काही मिनिटे संपर्क तुटतो. वेळ वाचावा म्हणून प्रतिमा फार लहान केली, तर हाडातील बारीक तडा दिसेनासा होण्याची भीती असते.

परंतु आमची चूक याहून साधी होती. काही वर्षांपूर्वी डोंगराळ भागातील एका शिबिरातून पायाच्या जखमेची तीन छायाचित्रे आली. प्रतिमा स्पष्ट होत्या. मात्र नोंदणी क्रमांक नाही, डावा-उजवा उल्लेख नाही, शेजारी मोजपट्टी नाही. त्या दिवशी तशाच जखमेचे दोन रुग्ण होते. खुलासा मिळेपर्यंत संध्याकाळ झाली आणि ती शेतमजूर भगिनी गावी निघून गेली. दुसऱ्या दिवशी कार्यकर्त्याला तिच्या शेताचा बांध शोधीत जावे लागले. दोष उपग्रहाचा नव्हता. नोंदीचा नमुना ठरवून देणे माझे काम होते. ते मी केले नव्हते.

आता प्रत्येक छायाचित्रासोबत क्रमांक, बाजू व मोजपट्टी असते. आधी लहान प्रत जाते, मूळ प्रत जशीच्या तशी जपली जाते. रुग्णाची स्पष्ट संमती घेतली जाते. आरोग्य कार्यकर्त्याने सल्ला मागितल्यास ती आवश्यक असल्याचे २५ मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांतही म्हटले आहे. आणि उत्तर देणाऱ्या डॉक्टरांचे नाव त्या दिवसापुरते आधीच ठरलेले असते.

दात्यांना माझी नम्र विनंती आहे. छपरावरील अँटेनासाठी देणगी लवकर मिळते, कारण ती दिसते. पलीकडे बसून ते छायाचित्र पाहणाऱ्या तज्ज्ञाचा तास कोणाला दिसत नाही. त्यासाठीही हात पुढे करावा. पोचपावतीवाचून व्यवहार पूर्ण होत नाही, हे आमचे शास्त्र शिकविते. रुग्णाच्या छायाचित्राची पोचपावती म्हणजे त्याला वेळेवर मिळालेले उत्तर.