पडसादांतून उमटणारे चित्र
(मंडळाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



‘सोनोग्राफी’ हा शब्द आज घरोघरी परिचयाचा झाला आहे. परंतु पडद्यावरचे ते करडे चित्र उमटते कसे, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज त्याविषयी थोडे बोलावे असे योजिले आहे.

मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. सोनोग्राफीत साधारणतः २० लक्ष ते दीड कोटी कंपनांचा ध्वनी योजितात. काही स्फटिक दाबले असता त्यांत विद्युत् निर्माण होते, हे प्येर आणि झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखविले. उलट, विद्युत्‌दाब दिला की असे पदार्थ कंप पावतात. डॉक्टरांच्या हातातील प्रोबमध्ये हेच घडते. तोच प्रोब आधी ध्वनी सोडतो आणि मग पडसाद ऐकतो.

सह्याद्रीच्या कड्यासमोर हाक दिली, तर पडसादाच्या विलंबावरून कड्याचे अंतर काढता येते. येथेही तेच गणित आहे. शरीराच्या मऊ भागांतून ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. सेकंदाच्या दहाहजाराव्या भागात पडसाद परतला, तर तो ७.७ सेंटिमीटर खोलीवरून आला असे ठरते. पडसाद जोरकस असेल तेथे ठिपका उजळ, द्रवातून पडसाद येत नाही म्हणून तो भाग काळा. हवेच्या थरावरून जवळजवळ सर्व ध्वनी मागे फिरतो. त्वचेवर थंडगार जेल लावतात ते याचसाठी. भरलेल्या मूत्राशयातून ध्वनी विनासायास आत जातो, म्हणून कित्येक तपासण्यांपूर्वी पाणी पिण्यास सांगतात.

या ध्वनीशी आपल्या बेंगळुरूचेही नाते आहे. श्राव्यातीत लहरींमुळे द्रवातील प्रकाशाचे विवर्तन कसे होते, याची उपपत्ती सर चंद्रशेखर वेंकट रामन व नागेंद्र नाथ यांनी येथूनच १९३५-३६ साली मांडली. पुढे ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये उदरातील गाठींच्या व गर्भाच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या, आणि या विद्येला वैद्यकात मानाचे स्थान मिळाले.

गर्भाची वाढ, हृदयाचे स्पंदन, वारेचे स्थान हे सारे हा ध्वनी क्ष-किरणांवाचून दाखवितो. पण याच चित्राचा आधार घेऊन मुलींचा जन्म नाकारला गेला, हेही सांगितले पाहिजे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि तो कर्नाटकातही लागू आहे. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर १,००० मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, त्या २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ झाल्या. कायदा झाला, परंतु घरातला प्रश्न बदलला नाही.

यंत्र केवळ पडसाद मोजते. काय विचारावयाचे, हे आपण ठरवितो. लेकीसुनेबरोबर तपासणीस जाल तेव्हा बाळाची वाढ नीट आहे ना, आईची प्रकृती ठीक आहे ना, एवढेच विचारावे. गावाकडच्या वडीलधाऱ्यांनी पत्राने वा दूरध्वनीवरून दुसरे काही विचारले, तर हे गणित त्यांनाही समजावून सांगावे.