उंबऱ्याच्या आत आलेले पिलू

आपल्या धाराशिव जिल्ह्याला कुत्रा काही नवा नाही. शेतावरच्या वस्तीवर तो आहे, मेंढरांच्या कळपामागे तो आहे, आणि अणदूर-नळदुर्गच्या खंडोबारायाच्या परिवारात तर त्याला मानाचे स्थान आहे. पण हा सारा उंबऱ्याबाहेरचा संसार. राखण करावी, भाकरीचा तुकडा खावा आणि बाकीचे विधी रानात उरकावेत. त्याला शिकवण्याची गरज कधी कोणाला पडली नाही.

आता मात्र तालुक्याच्या गावीसुद्धा पॉमेरेनियन, पग अशा लहान जातींची पिले थेट माजघरात येऊ लागली आहेत. या पाहुण्याला घराची रीत कशी लावावी, एवढाच आजचा विषय. मी हे सांगतो आहे तो जाणकार म्हणून नव्हे, चुकलेला माणूस म्हणून.

कन्येच्या हट्टाखातर आम्ही सोलापूरहून दोन महिन्यांचे पॉमेरेनियन पिलू आणले. पांढरेशुभ्र, म्हणून नाव ठेवले कापशी. पहिल्या रात्री ती रडू लागली, तेव्हा 'सवय लागेल' म्हणून मी तिला न्हाणीघरात कोंडले. दुसऱ्या दिवशी तिने जाजम ओले केले. मी वर्तमानपत्राची गुंडाळी केली आणि दोन फटके दिले. असे चार-पाच वेळा झाले. पुढे जाजम कोरडे राहू लागले आणि मी मनात म्हटले, विद्यार्थिनी हुशार आहे!

आठ दिवसांनी पुस्तकांचे कपाट सरकवले, तर मागची शहाबादी फरशी घाण झालेली. कापशी धडा शिकली होती खरी, पण मी शिकवलेला नव्हे. 'घरात करू नये' हे तिला कळलेच नव्हते. 'सरांच्या देखत करू नये' एवढेच कळले होते. शिवाय मी जवळ गेलो, की भीतीने ती जागच्या जागीच ओली होई.

आमचे दूधवाले मामा हे पाहून हसले. म्हणाले, "सर, वासराला दावं कळाय बी दिस लागत्यात. ह्या लेकराला टायम कुठला कळतोय? टायम तुम्हाला कळाय पाहिजे."

मंडळी, सारे शास्त्र या वाक्यात आहे. दोन महिन्यांच्या पिलाला जागेपणी दोन तासांपलीकडे लघवी धरवत नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला हटकून जावे लागते. अशा प्रत्येक वेळी त्याला अंगणातल्या एकाच कोपऱ्यात न्यावे आणि गप्प उभे राहावे. काम झाले, की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊचा कण द्यावा. घरात आल्यावर दिलेल्या शाबासकीचा संबंध त्याला लागत नाही. रात्रीही एकदा उठावे लागते. चूक झालीच, तर न बोलता ती जागा साबणाने आणि पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसावी; वास राहिला, की पिलू पुन्हा तिथेच जाते.

रात्रीचे रडणे हा हट्ट नव्हे. आई आणि भावंडे सोडून आलेले ते लेकरू. जुने लुगडे घातलेले खोके आपल्या अंथरुणाशेजारी ठेवावे. लहान जातीचे पिलू उपाशी राहिले तर लवकर गळून जाते, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खाऊ घालावे. द्राक्षे, बेदाणे, कांदा, चॉकलेट मात्र कधीही देऊ नये. पॉमेरेनियनच्या अंगावर दुहेरी केस असतात. आपल्याकडच्या वैशाखात त्याला दुपारी बाहेर काढू नये.

सहा ते आठ आठवड्यांपासून पशुवैद्याच्या सल्ल्याने लसी सुरू कराव्यात. त्या पुऱ्या होईपर्यंत मोकाट कुत्री फिरतात तिथे पिलू सोडू नये. पार्वो नावाचा रोग दोन-तीन दिवसांत पिलू नेतो. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस चुकवू नये. आणि कोणताही कुत्रा चावला, तर जखम पंधरा मिनिटे साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवावी व त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आमची गुंडाळी बंद झाली आणि महिन्याभरात कापशी आपण होऊन दाराशी जाऊन उभी राहू लागली. पण आजही मी वर्तमानपत्राची घडी घालू लागलो, की ती उठून दुसऱ्या खोलीत जाते.

श्रोत्यांत शिक्षकबंधू-भगिनी असतीलच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने वर्गातली छडी बंद केली. पण धाक छडीवाचूनही घालता येतो. आपला वर्ग शांत दिसला, की मला हल्ली ते कपाट आठवते. मूल चूक टाळायला शिकले, की आपल्याला दिसणार नाही अशा जागी चुकायला शिकले, हे एकदा कपाट सरकवून पाहिले पाहिजे.