काचेच्या बाटलीचे छायाचित्र



तेलाच्या बाटलीचे छायाचित्र काढण्याचे काम मी प्रथम घेतले, तेव्हा दिवा सरळ बाटलीवर रोखला. चित्रात दिव्याचा पांढरा डाग आला, माझा सदराही आला. बाटली तेवढी आली नाही! गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत, आणि ते योग्यच झाले.

चूक कोठे होती? समोरून पडलेल्या प्रकाशापैकी काचेचा एक पृष्ठभाग शेकडा सुमारे ४ भागच परतवितो. बाकीचा बहुतेक आरपार निघून जातो. म्हणून काच उजळावयाची नसते. तिच्या मागची जागा उजळावयाची असते.

मागे पांढरा कागद उजळावा आणि चौकटीच्या लगत, पण बाहेर, दोन्ही बाजूंस काळे पुठ्ठे उभे करावेत. काठाशी काच प्रकाशाला वळविते. तेथे ते पुठ्ठेच दिसतात आणि बाटलीची कड काळ्या रेघेने उमटते. उलट, मोठ्या उजळ कागदापुढे चौकटीपुरताच काळा पुठ्ठा ठेवला, तर काळोखात कड तेजाने उजळते.

फॉक्स टॅल्बटच्या १८४४ साली निघू लागलेल्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या ग्रंथात काचसामानाचे चित्र आहे. पांढरी चिनी मातीची भांडी आणि काच एकत्र नीट उतरत नाहीत, हे त्याने तेव्हाच नोंदविले.

आज कॅमेरा आपल्या खिशात आहे. घरी खिडकीपुढे पाण्याचा पेला ठेवा, दोन्ही बाजूंस काळ्या वह्या उभ्या करा. अंधार जवळ आणल्यावाचून पारदर्शक वस्तूला आकार येत नाही, हे आपले डोळेच सांगतील.