जोड कुणाशी लावायची?

जत्रेच्या फडात कुस्ती लावताना पंच दोन्ही मल्लांना शेजारी उभं करतात, अंगापिंडाचा अंदाज घेतात आणि मगच जोड ठरवतात. परभणीच्या गावागावांतल्या श्रोत्यांना हे सांगायला नको. तालमीतल्या रोजच्या सरावात मात्र हा विचार सुटतो. दोन महिन्यांपूर्वी लंगोट लावलेलं पोर सहा वर्षं माती अंगाला लावलेल्या मल्लाकडे बघून खचतं. वय, वजन, मेहनतीची वर्षं जुळतच नसतील, तर ती तुलना खोटी आहे.

कुणी म्हणेल, ईर्षा नसेल तर मल्ल घडणार कसा? आक्षेप रास्त आहे. पण खाशाबा जाधव पाहा. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीत घडलेल्या या मल्लाला मॅट नवखी होती. पुढच्या पाच जणांकडे बघून ते खचले नाहीत. कसून तयारी केली आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं. दुसऱ्याचा खेळ बघून आपली उणीव हेरावी, ईर्षेचा उपयोग एवढाच.

म्हणून वस्तादांनो, पालकांनो, शेजारच्या पोरानं किती कुस्त्या मारल्या हे विचारू नका. गेल्या महिन्यात पट काढताना गुडघा अडत होता, तो आज सुटतो का, एवढं विचारा.