विकर, चुंबक आणि कामगार



आम्ही पदवीधर नाही. नववीतून शाळा सुटली ती थेट एका कापड-प्रक्रिया कारखान्याच्या ब्लीचिंग खात्यात. विकरांवर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच, की ती आधी हाताळली आणि नाव मागाहून कळले.

कापड हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरे करतात. ते कापडात मागे राहिले तर रंग बिघडतो, म्हणून पूर्वी धुण्यावर धुणी काढावी लागत. पुढे कॅटलेज नावाचे विकर आले. ते पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायू करून टाकते आणि त्या कामात स्वतः खर्ची पडत नाही. आणि असा हा गडी पाळी संपली की आम्ही गटारात सोडून देत होतो!

त्याला धरून ठेवावे कसे? १९१६ साली नेल्सन आणि ग्रिफिन यांना दिसले, की कोळशाला चिकटलेले इन्व्हर्टेज साखर फोडण्याचे काम करीतच राहते. कारखान्यात ही गोष्ट यायला १९६९ उजाडले. जपानात चिबाटा यांनी बांधलेल्या विकराने अमिनो आम्ले काढली. चुंबकाची युक्ती त्यानंतरची.

लोखंडाचे फेरस व फेरिक क्षार एकास दोन या प्रमाणात घेऊन त्यात अल्कली घातली, की काळा मॅग्नेटाइट तयार होतो. त्याचे कण दहा-वीस नॅनोमीटरचे. केसाच्या जाडीत काही हजार मावतील. एवढ्या बारीक कणांचा गुण असा, की चुंबक आणला की खेचले जातात आणि नेला की चुंबकत्व विसरून पुन्हा द्रवात मोकळे होतात. त्यांवर सिलिकाचे अस्तर, अस्तरावर अमिनो गट, आणि मग ग्लुटराल्डिहाइडचा सांधा: एका हाताने कण धरतो, दुसऱ्याने विकर. काम झाले की भांड्याला बाहेरून चुंबक लावावा, द्रव ओतून घ्यावा, नवा माल भरावा.

हिशेब मात्र पुरा मांडावा. बांधताना विकराची थोडी ताकद जाते, दर फेरीला थोडे गळते, आम्लात लोखंड विरघळते. कुपीला बोटाएवढा चुंबक पुरतो, हौदाला पुरत नाही. म्हणून पेनिसिलिनच्या धंद्यात विकरे बांधतात ती मुख्यतः जाड मण्यांवर.

आता आमच्या घरची गोष्ट. आमच्या खात्यात विकराची कोरडी पूड डब्याने काढीत. एक सोबती रात्ररात्र खोकू लागला. मुकादम म्हणे, "अरे, दह्यासारखीच ती वस्तू, तिने काय होतंय?" वास्तविक १९६९ सालीच विलायतेत धुलाई-पूड कारखान्यांतील कामगारांचा दमा फ्लिंट या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडला होता. मग तेथे पुडीचे आवरणबंद दाणे झाले. आमच्या सोबत्याला ती बातमी पोचली नाही. त्याने नोकरी सोडली.

बांधलेले विकर ओलेच राहते, धूळ उडत नाही, म्हणून आम्हांला ही विद्या आवडते. पण सांधा जोडणारे ग्लुटराल्डिहाइडही छातीला वाईट. इस्पितळात हत्यारे त्यात बुडविणाऱ्या परिचारिकांना त्यापासून दमा झालेला आहे. तेव्हा नवी प्रक्रिया आली की आम्ही करारात विचारतो: सांधा कोण जोडणार, कोणत्या खोलीत, वाफ ओढणारा पंखा कुठे, आणि धोक्याचा कागद मराठीत आहे काय?

एका महाविद्यालयातून काळ्या कणांची कुपी मागून आणली आहे. विकर त्यात नाही, नुसते लोखंड आहे. चुंबक युनियनच्या फुटक्या कर्ण्यातला. जाताना टेबलापाशी येऊन प्रत्येकाने एकदा लावून पाहावा.