शंभर रुपयांची वाटणी



तुळशीचं लग्न लागलं, की आमच्या येरमाळ्यात दोन प्रकारच्या लोकांची झोप उडते. एक मंडपवाले आणि दुसरे शूटिंगवाले. मधे चैत्रात येडेश्वरीची यात्रा येते आणि तिच्या मागोमाग उन्हाळ्याची लग्नसराई. मंडपवाल्याचं काम मांडव उतरवला की संपतं. शूटिंगवाल्याचं तिथून पुढे सुरू होतं. कॅमेऱ्याच्या कार्डातलं चित्रण संगणकावर घ्यायचं, कापायचं, जोडायचं, गाणी भरायची. आमच्याकडे याला अजूनही ‘मिक्सिंग’च म्हणतात. व्हीसीआरला व्हीसीआर जोडून कॅसेटी उतरवायच्या त्या काळातला हा शब्द. कॅसेट गेली, सीडी गेली, आता पेनड्राईव्ह हातात देतात. शब्द तेवढा टिकला.

मी गावात बरीच वर्षं संगणक दुरुस्तीचं काम करतो. बेताच्या पैशांत मिक्सिंगलाही चालेल आणि गेमलाही चालेल असा संगणक कसा जुळवावा, हे आज सांगणार आहे. दोन्ही कामं एकत्र का, तर आमच्याकडे घर तसंच असतं. थोरला लग्नाच्या शूटिंगवर पोट भरतो, धाकट्याला गेम खेळायचे असतात, आणि घरात संगणक एकच येणार असतो. पण आधी माझी एक चूक सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गावातला एक मुलगा दुसऱ्यांकडे रोजानं शूटिंगला जायचा. मिक्सिंग स्वतः केलं तर दोन पैसे जास्त मिळतील, म्हणून त्याला संगणक घ्यायचा होता. आईनं सोयाबीनचे आलेले पैसे त्याच्या हातावर ठेवले. तो मला विचारायला आला. मी घाईत होतो. म्हणालो, “आय-सेव्हन बघ, सोळा जीबी रॅम बघ, आणि घेऊन टाक.”

तो शहरात गेला आणि घेऊन आला. काचेचा डबा, आत सात रंगांचे दिवे. गल्लीतली पोरं बघायला जमली. प्रोसेसर आय-सेव्हन होता, खोटं काहीच नव्हतं. फक्त तो २०१२ सालच्या पिढीचा होता. दिव्यांचे पंखे चांगले चार होते, पण वीज पुरवणारा एसएमपीएस बिननावाचा, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. पहिला हंगाम कसाबसा गेला. वैशाखात एका दुपारी लाईट गेली, आली, आणि आली ती जोरात आली. ‘फट्’ असा आवाज झाला. अर्ध्या तासानं मुलगा मोटारसायकलवर डबा बांधून माझ्या दारात उभा. “सर, चालूच होईना.”

एसएमपीएस जळाला होता. एकटा जळाला असता तर चाललं असतं. जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही घेऊन गेला. त्या डिस्कवर शेजारच्या गावातलं एक लग्न होतं. दुसऱ्या दिवशीच्या शूटिंगसाठी कार्डं आधीच पुसलेली होती. म्हणजे ते लग्न आता कुठंच नव्हतं.

मुलीचे वडील आले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “त्यात माझी आई होती.” लग्नानंतर दोन महिन्यांत म्हातारी गेली होती. मुलानं पैसे परत दिले. त्यांनी ते घेतले, पण उठले नाहीत. बराच वेळ तसेच बसून राहिले.

दुकानदाराला दोष देता येईल. पण ‘आय-सेव्हन बघ’ हे वाक्य माझं होतं.

पुढच्या वर्षी त्याला पुन्हा उभं राहायचं होतं. तेव्हा आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. भाव दर महिन्याला बदलतात, म्हणून रुपयांचा हिशेब न करता आम्ही शंभरातली वाटणी केली. डब्यातल्या सगळ्या वस्तूंचे मिळून शंभर रुपये धरायचे. त्यातले कुणाला किती? तुमचं बजेट चाळीस हजारांचं असो की ऐंशी हजारांचं, वाटणी जवळपास तीच राहते.

सुरुवात प्रोसेसरपासून. त्याला शंभरातले १७. इथं नावाला भुलायचं नाही, पिढी विचारायची. २०१२ च्या आय-सेव्हनला २०२२ चा साधा आय-थ्री मागं टाकतो. हे ज्याला माहीत नसतं त्याच्याच गळ्यात जुना माल पडतो. आज सहा कोअरचा अलीकडचा प्रोसेसर आपल्या कामाला पुरतो. मिक्सिंगवाल्यानं आणखी एक गोष्ट बघावी. कॅमेऱ्यातला व्हिडिओ वळकटीसारखा आवळून बांधलेला असतो. पडद्यावर दाखवायला संगणकाला ती वळकटी दर सेकंदाला सोडावी लागते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स अंगचंच असतं, त्यात हे काम करणारा वेगळा भाग असतो. त्याला क्विक सिंक म्हणतात. नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असलेल्या प्रोसेसरमध्ये ते ग्राफिक्स नसतं. तो थोडा स्वस्त पडतो, पण मिक्सिंगवाल्याला ती बचत महागात जाते. फक्त गेमच खेळायचे असतील तर एफ चालेल. एएमडीचे रायझन प्रोसेसरही उत्तम आहेत, गेमला विशेष. त्यांची एएम-फाइव्ह ही बैठक २०२२ मध्ये आली. तिच्यावर आज साधा प्रोसेसर बसवून पुढे मोठा बसवता येतो.

मदरबोर्डला ११. बोर्ड म्हणजे घराचा पाया. रंग बघून घेऊ नये. रॅमच्या खाचा किती आणि एसएसडीच्या जागा किती, एवढं मोजावं. डीडीआर-फोरची रॅम डीडीआर-फाइव्हच्या खाचेत बसत नाही, म्हणून बोर्ड आणि रॅम एकाच वेळी ठरवावी.

रॅमला १८. आमच्या कागदावर हा आकडा १० होता. पण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव झपाट्यानं चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठमोठी डेटा सेंटर उभी राहत आहेत आणि रॅमच्या चिप तिकडे वळल्या आहेत. मायक्रॉन या कंपनीनं तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशियल’ नावानं किरकोळ ग्राहकांना रॅम विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेतल्या डेटा सेंटरची झळ येरमाळ्याच्या शूटिंगवाल्याला बसते, ती अशी. मिक्सिंगला ३२ जीबी असावी, पण एकदम झेपत नसेल तर १६ वर सुरुवात करा. बोर्डावर दोनच खाचा असतील तर आठ-आठच्या दोन पट्ट्या घालून दोन्ही अडवू नका. सोळाची एक पट्टी घ्या, गेमला वेग थोडा कमी मिळेल तो सोसा, आणि दुसरी पुढच्या हंगामात घाला.

साठवणीला १५. इथं जरा गणित करू. आजचे कॅमेरे फोर-के चित्रण साधारण सेकंदाला शंभर मेगाबिटनं करतात. म्हणजे तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे चार-चार तास चालले, तर एका लग्नाचे ३६० जीबी होतात. एक टीबीच्या डिस्कमध्ये तीन लग्नंही मावत नाहीत. म्हणून दोन डिस्क ठेवाव्यात. विंडोज, मिक्सिंगचं सॉफ्टवेअर आणि हातातलं काम एनव्हीएमई एसएसडीवर. झालेलं काम साध्या हार्ड डिस्कवर. साधी डिस्क सेकंदाला दीडशे मेगाबाइटच्या आसपास वाचते, साटा एसएसडी साडेपाचशे, आणि एनव्हीएमई तीन हजारांच्या पुढे. एम-टू आकाराची प्रत्येक पट्टी एनव्हीएमई असतेच असं नाही, हे खोक्यावर वाचून घ्यावं.

आता ग्राफिक्स कार्ड. त्याला २७. आमच्या कागदावर ३५ होते. रॅमला जे आठ जास्त लागले, ते यातून काढले. धाकट्याचा जीव यात असतो. गेमची गंमत बहुतेक कार्डावर अवलंबून असते, हे खरंच आहे. व्हॅलोरंट किंवा जीटीए फाइव्हसारखे गेम साध्या कार्डावरही चालतात. नवे मोठे गेम खेळायचे तर निदान आठ जीबी मेमरीचं कार्ड असावं. मिक्सिंगमध्ये रंग सुधारणं, इफेक्ट टाकणं, शेवटचा व्हिडिओ तयार करणं यासाठी हेच कार्ड कामी येतं, म्हणून थोरल्यानंही कुरकुर करू नये. जुनं कार्ड स्वस्त मिळतं, पण जपून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि रात्रंदिवस खाणकामाला जुंपलेली कार्डं जगभर जुन्या बाजारात उतरली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या की सोलापुरात, समोर लावून अर्धा तास गेम चालवून दाखवा म्हणावं. विकणारा नाही म्हणाला, तर आपणही नाही म्हणावं.

जुन्या ऑफिसातले तयार संगणकही विकायला असतात. टायपिंगला ठीक. पण त्यातल्या बऱ्याच जणांचा एसएमपीएस खास आकाराचा आणि लहान असतो; पुढे मोठं कार्ड बसत नाही. शिवाय विंडोज टेनची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि फार जुन्या प्रोसेसरला विंडोज इलेव्हन अधिकृतपणे चालत नाही. तेव्हा पिढी इथंही विचारायचीच.

राहिले १२. त्यातले सात एसएमपीएसला आणि पाच डब्याला.

श्रोतेहो, हे सात रुपये नीट ऐका. संगणक घेताना पैसे कमी पडले की पहिली कात्री इथं लागते, कारण एसएमपीएस दिसत नाही. त्यानं गेम पळत नाही की व्हिडिओ लवकर होत नाही. पण उरलेल्या ९३ रुपयांच्या मालाला वीज त्याच्यातूनच जाते. बेताच्या संगणकाला साडेपाचशे ते साडेसहाशे वॉटचा, नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा घ्यावा. ‘एटी प्लस’ हा शिक्का तो विजेची नासाडी किती कमी करतो हे सांगतो. सुरक्षिततेची हमी तेवढ्यावर धरू नये. व्होल्टेज वाढलं तर पुरवठा तोडण्याची सोय आत आहे का, हे वेगळं विचारावं.

डबा जाळीच्या तोंडाचा असावा. काच आणि दिवे शोभेला बरे, पण आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि धुळे-सोलापूर महामार्गाची धूळ घरात येते. पुढं गाळणी असलेली जाळी, हवा आत घेणारे दोन पंखे आणि बाहेर टाकणारा एक, एवढं पुरे. महिन्यातून एकदा गाळणी धुवावी.

मॉनिटर आणि यूपीएस या शंभरात धरलेले नाहीत, ते वेगळे. मॉनिटर आयपीएस पॅनेलचा घ्या, म्हणजे नवरीच्या शालूचा रंग आपल्याला एक आणि पाहुण्यांना दुसरा दिसणार नाही. यूपीएसवरचा आकडा वॉटचा नसतो, व्हीएचा असतो. सहाशे व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटच देतो. गेम चालू असताना आपला संगणक मॉनिटरसह तीनशे वॉटच्या आसपास ओढतो, म्हणजे काठावरच. हजार व्हीएचा घ्यावा. घरातल्या पंख्या-दिव्यांच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हा संगणक लावू नये. आणि सगळ्यात आधी वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्यावं. आमच्याकडे कितीतरी घरांत तीन पिनांचं बटण असतं, पण तिसऱ्या पिनेला तारच नसते. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. त्यात अधूनमधून पाणी ओतावं. याला शंभरातला एक पैसाही लागत नाही.

एवढं करूनही फोर-के अडखळत असेल, तर नवं कार्ड घ्यायला धावू नका. मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सीची सोय असते. मूळ चित्रणाची हलकी प्रत तयार होते, कापाकापी तिच्यावर करायची, आणि शेवटचा व्हिडिओ मूळ चित्रणावरून निघतो. वेळ थोडा जातो, पैसे जात नाहीत.

त्या मुलाचा हा दुसरा संगणक अजून चालू आहे. दिवे नाहीत. धाकट्या भावाशी करार आहे: मिक्सिंग चालू असताना गेम नाही, आणि व्हिडिओ पूर्ण झाला की संगणक त्याचा. भिंतीवर मुलानं खडूनं एक ओळ लिहिली आहे: ‘दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.’ शूटिंगवरून कितीही रात्री येवो, तो आधी एक प्रत संगणकावर घेतो, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क आईच्या कपाटात जाते. संगणकातला कुठलाही भाग पुन्हा विकत मिळतो. लग्न पुन्हा लागत नाही.

त्या गृहस्थांच्या धाकट्या मुलीचं लग्न यंदा झालं. शूटिंग त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी दिलं. मुलाला वाईट वाटलं, पण त्यांचं चुकलं असं तो म्हणाला नाही, आणि मीही म्हणणार नाही.

आता माझ्याकडे कुणी विचारायला आलं, की मी कितीही घाईत असलो तरी आधी बस म्हणतो. मग कागद काढतो आणि वर शंभर लिहितो. पहिले सात रुपये एसएमपीएसच्या नावे बाजूला काढतो आणि मगच बाकीच्यांची वाटणी करतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)